भावाभावांची लढाई आणि तिसऱ्याचा वाटा

गेल्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर आमच्या धर्मग्रामातील युवकांची बैठक भरली होती. विषय होता शांती. त्या विषयावर चार शब्द बोलून आम्ही खाली बसतो न बसतो, तोच महाविद्यालयात इतिहास शिकणारा एक तरुण उभा राहिला आणि म्हणाला, "फादर, अमेरिकेतल्या यादवी युद्धात दोन्हीकडचे सैनिक ख्रिस्ती होते. दोन्हीकडे प्रार्थना होत होती, दोन्हीकडे धर्मगुरू होते. मग त्या धर्मगुरूंनी त्यांना थांबवले का नाही? आणि थांबवायचे नव्हते, तर ते तिथे गेले कशाला?"

बैठकीत थोडी चुळबूळ झाली. आम्ही त्याला म्हटले, "बाबा, याचे उत्तर दोन मिनिटांत दिले तर ते तुझ्यावर आणि त्या मेलेल्या माणसांवरही अन्याय करणारे होईल. आठवड्याची मुदत दे." ते ऋण आज या स्तंभात फेडण्याचा आमचा प्रयत्न आहे. प्रश्नकर्त्याचे आम्ही आभारी आहोत. कारण उत्तर शोधता शोधता एका जागी आम्हांलाच मान खाली घालावी लागली. ती हकीकत शेवटी सांगू.

अशा युद्धाला आपल्या भाषेने 'यादवी' हे नाव दिले आहे. यादवांचे कुळ परक्या शत्रूने बुडवले नाही. ते प्रभासक्षेत्री आपसांत लढून नाश पावले, ही महाभारतातील कथा आपल्या हिंदू शेजाऱ्यांच्या घरोघरी ठाऊक आहे. आपल्या पवित्र ग्रंथाचे पहिलेच पुस्तक उघडले, तर काइन आणि हाबेल यांची हकीकत चौथ्याच अध्यायात भेटते. माणसाने माणसावर उचललेला पहिला हात हा भावाने भावावर उचललेला हात होता. दुखणे असे पुरातन आहे.

अमेरिकेतील यादवी १८६१ ते १८६५ अशी चार वर्षे चालली. त्या देशाच्या दक्षिणेकडील राज्यांत कापसाचे विस्तीर्ण मळे होते आणि ते आफ्रिकी वंशाच्या गुलामांच्या श्रमांवर चालत. १८६० च्या शिरगणतीत त्या देशात सुमारे चाळीस लाख गुलाम नोंदले गेले. गुलाम म्हणजे वेठबिगार किंवा गरीब चाकर नव्हे. तो मालकाची मालमत्ता असे. त्याची बायको एका गावी आणि मूल दुसऱ्या गावी विकले गेले तरी त्याला दाद मागण्याची सोय नसे. नव्या प्रदेशांत ही प्रथा पसरू द्यायची नाही, या मताचे अब्राहम लिंकन नोव्हेंबर १८६० मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले, आणि दक्षिणेची राज्ये एकामागून एक संघराज्यातून फुटू लागली. अशी अकरा राज्ये फुटली. पुढे काहींनी असे भासवले की हा झगडा केवळ राज्यांच्या हक्कांचा होता. परंतु मिसिसिपीसारख्या राज्यांनी फुटताना जी जाहीर निवेदने काढली, त्यांत गुलामगिरीचे रक्षण हेच कारण स्पष्ट शब्दांत लिहिलेले आहे. कारण कोणते, हे विसरून या युद्धातील शौर्याच्या कथा सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

१२ एप्रिल १८६१ च्या पहाटे चार्ल्सटन बंदरातील फोर्ट सम्टर या किल्ल्यावर दक्षिणेच्या तोफा सुटल्या. लिंकन यांनी ७५,००० स्वयंसेवक मागितले, तेही अवघ्या तीन महिन्यांसाठी. दोन्ही बाजूंना वाटले, एक मोठी लढाई झाली की प्रकरण मिटेल. २१ जुलै १८६१ रोजी बुल रन नावाच्या ओढ्याकाठी पहिली मोठी लढाई झाली, तेव्हा वॉशिंग्टनहून काही प्रतिष्ठित मंडळी शिदोऱ्या बांधून, जत्रेला जावे तशी, ती पाहायला गेली होती. सायंकाळी उत्तरेचे सैन्य उधळले आणि त्या लोंढ्यात ही प्रेक्षक मंडळीही सापडली. युद्ध मात्र तीन महिन्यांत संपले नाही.

ते लढले कोण? बहुतांश शेतकऱ्यांची मुले. उत्तरेच्या अंगात निळा गणवेश, दक्षिणेच्या अंगात करडा, आणि पुढे पुढे तोही फाटका. शिध्यात खारवलेले डुकराचे मांस, कॉफी आणि दगडासारखी कडक बिस्किटे. ती बंदुकीच्या दस्त्याने फोडून कॉफीत भिजवून खावी लागत. नवी बंदूक आली होती. तिच्या नळीत आतून पेचदार खाचा असत आणि तिची मऊ शिशाची गोळी दूरवर नेमकी लागे. हाडाला लागली की हाडाचा चुरा होई, म्हणून शल्यवैद्य हात किंवा पाय कापून टाकीत. जंतूंचे ज्ञान तेव्हा झालेले नव्हते. एकाच्या रक्ताने माखलेली करवत न धुता दुसऱ्याला लागे. तरीही गोळीपेक्षा आजाराने अधिक माणसे नेली. हगवण, विषमज्वर, हिवताप, गोवर! दूरच्या शेतावर वाढलेल्या मुलाला लहानपणी गोवर आलेला नसे. तो छावणीत आला की तेथेच आडवा होई. या युद्धात जे मेले, त्यांतील तिघांपैकी सुमारे दोघे रोगाने मेले. मृतांची संख्या पूर्वी ६,२०,००० धरली जात असे. शिरगणतीच्या आधारे अलीकडे झालेले अभ्यास ती सात लाखांच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक सांगतात. त्या वेळी त्या देशाची सारी लोकसंख्या सव्वातीन कोटींच्याही आत होती.

आणि तरी हीच मुले रात्री पहाऱ्यावर असताना पलीकडच्या पहारेकऱ्याशी बोलत. दक्षिणेकडे तंबाखू मुबलक, पण कॉफी मिळेना. उत्तरेकडे कॉफी भरपूर, पण तंबाखूची टंचाई. मग नदीतून छोट्या होड्या सोडून देवघेव चाले. सकाळी हुकूम आला की तेच हात बंदूक उचलीत.

एका मोहिमेची हकीकत जरा विस्ताराने सांगतो, म्हणजे युद्धाचे अंतरंग कळेल. मिसिसिपी नदीच्या वळणावर, उंच कड्यावर व्हिक्सबर्ग नावाचे शहर आहे. तेथील तोफांनी नदीची वाट अडवून धरली होती. उत्तरेचा सेनापती युलिसिस ग्रँट याने महिनोन्‌महिने दलदलीतून कालवे खणून पाहिले, ते फसले. अखेर १६ एप्रिल १८६३ च्या रात्री त्याचे आरमार तोफांच्या माऱ्यातून खाली निसटले. होड्यांच्या कडांना गवताचे भारे आणि कापसाचे गठ्ठे बांधले होते. काठावर शत्रूने उजेडासाठी आगी पेटवल्या होत्या. सैन्य पलीकडच्या काठाने पायी चालत गेले आणि ३० एप्रिलला शहराच्या खालच्या बाजूला नदी ओलांडून आले. मग १ मे ते १७ मे या सतरा दिवसांत पोर्ट गिब्सन, रेमंड, जॅक्सन, चॅम्पियन हिल आणि बिग ब्लॅक नदीचा पूल अशा पाच लढाया जिंकून ग्रँटने शहराला वेढा घातला. युद्धशास्त्राचे विद्यार्थी या मोहिमेचे आजही कौतुकाने अध्ययन करतात.

पण नकाशावरच्या बाणांना रक्त येत नसते. १९ आणि २२ मे रोजी ग्रँटने तटबंदीवर थेट हल्ले चढवले. दुसऱ्या हल्ल्यातच त्याची तीन हजारांहून अधिक माणसे कामी आली, जखमी झाली वा हरवली. जखमी उन्हात तडफडत राहिले, मेलेल्यांची दुर्गंधी दोन्हीकडे असह्य झाली. २५ मे रोजी काही तासांची तहकुबी झाली. खंदकांतून दोन्हीकडचे सैनिक बाहेर आले, मुडद्यांना मूठमाती दिली, आणि मधल्या जागेत उभे राहून एकमेकांची विचारपूस करू लागले. मिसुरी राज्याच्या पलटणी या वेढ्यात दोन्ही बाजूंना होत्या. एकाच राज्याचे, एकाच गावचे, कधी एकाच घरचे लोक समोरासमोर आले होते. वेळ संपली. सारे आपापल्या खंदकात परतले आणि गोळीबार पुन्हा सुरू झाला. मिसुरी राज्याने तेथे जे स्मारक उभारले, ते दोन्ही बाजूंच्या आपल्या सुपुत्रांसाठी मिळून एकच आहे.

वेढा ४७ दिवस चालला. तोफगोळ्यांपासून जीव वाचवण्यासाठी शहरातील बायामुले टेकड्यांच्या पोटात गुहा खणून राहिली. अन्न संपत आले, खेचरांचे मांस खाण्याची पाळी आली. तेथील वर्तमानपत्राचा कागद संपला, तेव्हा संपादकाने भिंतीला लावायच्या रंगीत कागदाच्या पाठीवर अंक छापला. आमच्यासारख्या साप्ताहिकात लिहिणाऱ्याला या संपादकाविषयी आपुलकी वाटल्यावाचून राहत नाही! २ जुलैच्या अंकात त्याने ग्रँटची थट्टा केली की, ससा शिजवून खाण्यापूर्वी तो आधी पकडावा लागतो. दोनच दिवसांनी शहर पडले. उत्तरेचे सैनिक छापखान्यात शिरले, तेव्हा खिळे तसेच जुळवलेले होते; त्यांनी ससा पकडला गेल्याची चार ओळींची भर घालून तोच अंक पुन्हा छापला.

४ जुलै १८६३ रोजी दक्षिणेचा सेनापती जॉन पेंबर्टन सुमारे २९,५०० माणसांसह शरण आला. हा पेंबर्टन मूळचा उत्तरेतील पेनसिल्व्हेनियाचा. तोही घर सोडून पलीकडे गेलेला. शरण आलेले सैनिक उपासमारीने खंगलेले होते. विजयी सैनिकांनी आपल्या पोतडीतील भाकरी काढून त्यांना दिली, असे ग्रँटने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. त्या शहराच्या राष्ट्रीय दफनभूमीत उत्तरेचे सुमारे १७,००० सैनिक विसावले आहेत. त्यांतील सुमारे १३,००० जणांची नावे कोणालाच ठाऊक नाहीत.

आता धर्मगुरूंकडे वळू. फादर जॉन बॅनन हे आयर्लंडमध्ये जन्मलेले, मिसुरीतील सेंट लुईस शहरी सेवा करणारे धर्मगुरू. ते दक्षिणेच्या मिसुरी पलटणींबरोबर गेले आणि व्हिक्सबर्गच्या वेढ्यात अखेरपर्यंत होते. मरणाऱ्यांची पापनिवेदने ऐकत ते तटावरून फिरत; प्रसंगी त्यांनी तोफेच्या कामालाही हात लावला. दुसरे, फादर विल्यम कॉर्बी, पवित्र क्रूस संघाचे धर्मगुरू. ते उत्तरेच्या आयरिश ब्रिगेडबरोबर होते. डिसेंबर १८६२ मध्ये फ्रेडरिक्सबर्ग येथे या ब्रिगेडला टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या दगडी भिंतीवर धाडण्यात आले होते. टोपीत हिरवी डहाळी खोचून ती माणसे उघड्या मैदानातून चढत गेली आणि एका दुपारीत जवळजवळ निम्मी पडली. भिंतीआड बंदुका धरून बसलेल्यांतही आयरिश रक्ताची माणसे होती.

व्हिक्सबर्ग पडण्यापूर्वी दोनच दिवस, २ जुलै १८६३ रोजी, गेटिसबर्गच्या रणभूमीवर या ब्रिगेडची पाचशेच्या आसपास उरलेली माणसे पुढे सरकण्याच्या बेतात होती. एकेकाचे पापनिवेदन ऐकण्यास वेळ नव्हता. फादर कॉर्बी एका मोठ्या शिळेवर चढले, हात उंचावून त्यांनी साऱ्यांना एकत्रित पापमुक्ती दिली. कॅथलिक आणि इतरही, सैनिक गुडघ्यांवर आले. तेथून ती माणसे गव्हाच्या शेतात उतरली आणि त्यांतील दोनशेच्या जवळपास मारली गेली, जखमी झाली वा हरवली. त्या शिळेपाशी फादरांचा पुतळा १९१० मध्ये उभारला गेला. एका साक्षीदाराच्या वृत्तान्तानुसार, शत्रूला पाठ दाखवणाऱ्याला ख्रिस्ती दफन मिळणार नाही, असेही फादरांनी त्या वेळी बजावले. हे वाक्य आम्हांला पचत नाही, आणि ते झाकून ठेवणेही आम्हांला योग्य वाटत नाही. पण त्याच फादरांनी पुढे आपल्या आठवणींत असेही नमूद केले की, ती पापमुक्ती केवळ आपल्या पलटणीसाठी नव्हती. त्या दिवशी देवापुढे जाणाऱ्या उत्तर-दक्षिण दोन्हीकडच्या माणसांसाठी होती.

तर मग आमच्या तरुण मित्राच्या प्रश्नाचे पहिले उत्तर असे: धर्मगुरू तेथे गेले, कारण मरणारा माणूस तेथे होता. निळा असो की करडा, मरताना त्याला हात धरणारा कोणी हवा असतो. गेटिसबर्गपासून काही कोसांवर असलेल्या एमिट्सबर्गच्या धर्मभगिनी लढाई थांबताच गाडीत औषधे आणि पट्ट्या भरून निघाल्या आणि त्यांनी दोन्हीकडच्या जखमींची सेवा केली, ती याच भावनेने.

परंतु 'थांबवले का नाही' याचे उत्तर रणांगणावर सापडत नाही. ते तीस वर्षे मागे जाऊन शोधावे लागते. तोफ सुटल्यावर धर्मगुरूच्या हाती मरणाऱ्यांचे डोळे मिटण्याखेरीज फारसे उरत नाही. व्यासपीठावरून बोलायची वेळ त्याआधी होती, आणि त्या वेळी आपण गप्प बसलो. 'आपण' हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरतो. १८३९ मध्ये पोप सोळावे ग्रेगरी यांनी गुलामांच्या व्यापाराचा निषेध करणारे पत्र काढले. अमेरिकेतील कॅथलिक नेत्यांनी त्याचा अर्थ इतका आकसून घेतला की, तो निषेध समुद्रापलीकडून माणसे आणण्याला लागू आहे, घरच्या गुलामगिरीला नाही. त्याच्या आदल्याच वर्षी, १८३८ मध्ये, मेरीलँडच्या येशूसंघीयांनी आपल्या मळ्यांवरील २७२ गुलाम स्त्री-पुरुष-बालके विकून टाकली होती. त्या पैशांतून जॉर्जटाऊनच्या महाविद्यालयाचे कर्जही फेडले गेले. २०१७ मध्ये त्या संघाने त्यांच्या वंशजांसमोर क्षमा मागितली. एकशे एकोणऐंशी वर्षांनी! ज्यांनी स्वतः माणसे विकली, ते मळेवाल्याला काय सांगणार होते?

ज्यांच्यासाठी हे सारे घडत होते, ते गुलाम मात्र हात जोडून वाट पाहत बसले नव्हते. १ जानेवारी १८६३ रोजी लिंकन यांनी फुटलेल्या राज्यांतील गुलामांच्या मुक्तीची घोषणा केली आणि कृष्णवर्णीयांना सैन्यात घेणे सुरू झाले. ७ जून १८६३ रोजी व्हिक्सबर्गच्या वरच्या अंगाला मिलिकन्स बेंड येथे नुकत्याच भरती झालेल्या, धड कवायतही न झालेल्या कृष्णवर्णीय पलटणींनी संगिनींनी झुंजत दक्षिणेचा हल्ला थोपवला. युद्ध संपेपर्यंत असे सुमारे १,७९,००० सैनिक उत्तरेच्या सेनेत दाखल झाले. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर मिळत. यांना १०, आणि त्यांतूनही कपड्यांचे ३ कापून घेत. मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीने असा अपुरा पगार घेण्याचेच नाकारले. त्या विनापगारी लढल्या-मेल्या. जून १८६४ मध्ये कायद्याने वेतन समान झाले.

वाचकहो, ही दूरच्या देशाची गोष्ट म्हणून आपण बाजूला राहू शकत नाही. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली, इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला, आणि त्यांची नजर मुंबईकडे वळली. खानदेश, वऱ्हाड, धारवाड येथील कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत कंपन्यांवर कंपन्या निघाल्या, समुद्र हटवून जमीन करण्याच्या योजनांचे समभाग हातोहात खपले. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा ज्यांच्या देणगीतून उभा राहिला, ते प्रेमचंद रायचंद याच तेजीचे नायक होते. तिकडे माणूस मरत होता आणि इकडे पेढे वाटले जात होते. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, जुलैमध्ये मुंबईच्या पेढ्या एकामागून एक बुडाल्या आणि तेजीच्या भरवशावर कर्ज काढलेला शेतकरी सावकाराच्या दारी उभा राहिला. याच युद्धाकडे दुसऱ्या नजरेने पाहणारा एक माणूस पुण्यात होता. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण करून. बाजाराला त्या युद्धात कापूस दिसला, जोतीरावांना माणूस दिसला.

आता शेवटाकडे येऊ. ९ एप्रिल १८६५. तो झावळ्यांचा रविवार होता. व्हर्जिनियातील ॲपोमॅटॉक्स कोर्ट हाउस या लहानशा गावी दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली ग्रँटला शरण आला. ज्यांच्या दिवाणखान्यात ही भेट झाली, ते विल्मर मॅक्लीन यांचे पहिले घर बुल रनजवळ होते. पहिल्या लढाईच्या धामधुमीत तेथे दक्षिणेच्या सेनापतीचा तळ होता. ते गाव सोडून ते या आडगावी आले, तर युद्धाचा शेवटही त्यांच्याच घरात! ग्रँटने अटी सौम्य ठेवल्या. कोणाला बंदीत टाकले नाही. पुन्हा शस्त्र न उचलण्याच्या वचनावर साऱ्यांना घरी सोडले. पेरणीचे दिवस होते, म्हणून ज्याचा घोडा वा खेचर स्वतःचे असेल त्याने ते नांगरासाठी घेऊन जावे, ही मुभा दिली. उपाशी सैन्याला २५,००० माणसांचा शिधा धाडला. आपल्या तोफा आनंदाने कडाडू लागल्या, तेव्हा त्याने त्या बंद करविल्या. कालचे शत्रू आता आपले देशबांधव झाले होते. तीन दिवसांनी हरलेले सैन्य शस्त्रे ठेवण्यास आले, तेव्हा जिंकलेल्यांनी त्यांना लष्करी मानवंदना दिली. १४ एप्रिलला, शुभ शुक्रवारी रात्री, लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे प्राण गेले.

ही समेटाची कथा आम्ही प्रवचनांतून अनेकदा सांगितली आहे. विशेषतः ते नांगराचे घोडे आमचे फार आवडते. या वेळी मात्र आम्ही पुढची पाने वाचली. डिसेंबर १८६५ मध्ये गुलामगिरी घटनेनेच नष्ट झाली. पुढील पाच वर्षांत नागरिकत्व आणि मताधिकार देणाऱ्या दुरुस्त्याही झाल्या. पण १८७७ मध्ये उत्तरेने दक्षिणेवरील आपला पहारा काढून घेतला, आणि दक्षिणेच्या राज्यांनी नाना युक्त्यांनी कृष्णवर्णीयांचे मत हिरावून घेतले. १९१३ मध्ये गेटिसबर्गच्या लढाईला ५० वर्षे झाली, तेव्हा दोन्हीकडचे मिळून पन्नास हजारांहून अधिक वृद्ध सैनिक तेथे जमले. ज्या दगडी भिंतीपाशी त्यांनी एकमेकांना मारले होते, त्याच भिंतीवरून त्यांनी एकमेकांचे हात हाती घेतले. पाहणाऱ्यांचे डोळे पाणावले. भाऊ भावाला भेटला होता! पण ज्याच्या बेड्यांवरून ते भांडले, त्या तिसऱ्याला त्या सोहळ्यात मानाचे स्थान नव्हते, आणि भाषणांत त्याची फारशी आठवणही निघाली नाही. उलट त्याच वर्षी राजधानीतील सरकारी कचेऱ्यांत गोऱ्या आणि काळ्या कर्मचाऱ्यांना वेगवेगळे बसवण्याचे काम चालू होते. त्याच्या मताधिकाराला खरे संरक्षण देणारा कायदा १९६५ मध्ये झाला. शरणागतीनंतर शंभर वर्षांनी. दोघा भावांनी समेटाचा खर्च तिसऱ्याच्या वाट्यातून भागवला होता.

येथे आमची मान खाली गेली.

आमच्या धर्मग्रामातील दोन भाऊ बारा वर्षे एकमेकांशी बोलत नव्हते. वडिलोपार्जित शेताच्या बांधावरून वाद होता. आईच्या दफनाच्या दिवशीही दोघे खड्ड्याच्या दोन बाजूंना उभे होते. गेल्या उपवासकाळात आम्ही दोघांच्या घरी खेटे घातले आणि पुनरुत्थानाच्या सणाला मंदिराच्या दारात दोघांनी एकमेकांना मिठी मारली. आम्ही व्यासपीठावरून त्यांचे अभिनंदन केले, याच स्तंभात त्या समेटाचा नाव न घेता उल्लेखही केला. खोटे कशाला बोलू, मनातून आम्ही स्वतःचेही अभिनंदन केले होते.

त्या भावांना एक बहीण आहे. विधवा आहे, शिवणकाम करते, भाड्याच्या खोलीत राहते, रोज सकाळच्या मिस्साला येते. गेटिसबर्गच्या त्या भिंतीविषयी वाचता वाचता ती आमच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. बारा वर्षांत, आणि त्या समेटाच्या दिवशीही, तिचा वाटा कोठे आहे हे आम्ही कोणालाच विचारले नव्हते. आम्ही तिच्याकडे गेलो. तिने पाट मांडला, चहा ठेवला. आम्ही विषय काढताच ती म्हणाली, "फादर, माझे कोणाशी भांडण नव्हते ना, म्हणून समेटाला मला कोणी बोलावले नाही. त्या दिवशी दोघांनी मिळून मला साडी दिली. चांगली आहे साडी." एवढे बोलून ती चुलीकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर आम्हांला जरा बरे वाटले असते.

वाचकांपैकी अनेकांना ठाऊक नसेल, म्हणून सांगतो: १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाप्रमाणे, मृत्युपत्र न करता वारलेल्या ख्रिस्ती माणसाच्या मालमत्तेत मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा असतो. हक्कसोड न करता नुसती साडी घेतल्याने तो संपत नाही. दोघा भावांनी जो बांध वाटून घेतला, त्यात तिसरा बांध होता.

तिची अनुमती घेऊन आम्ही भावांकडे गेलो. थोरला म्हणाला, "फादर, आता कुठे घर सांधले आहे. पुन्हा उकरून कशाला काढता?" आम्ही त्याला म्हटले, "चूक तुझ्याआधी माझी आहे. मी दोघांनाच बोलावले. तिघांना बोलवायला हवे होते." तो काही बोलला नाही. निघताना धाकटा फाटकापर्यंत आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "शेताचा उतारा काढून आणतो, फादर. त्यावर तिचे नाव आहे की नाही, ते आधी पाहू." पुढे काय होते ते देव जाणे. पण या खेपेस आम्ही घाईने अभिनंदन करणार नाही.

तेव्हा, आमच्या तरुण मित्रा, तुझ्या प्रश्नाचे उत्तर हे असे. लढाई पेटल्यावर धर्मगुरूने मरणाऱ्याजवळ असावे, मग तो कोणत्याही रंगाच्या गणवेशातला असो. लढाई थांबवायची असेल, तर त्याने ती पेटण्याच्या कितीतरी आधी, अन्याय घरात सुखाने नांदत असतानाच, अप्रिय बोलायला हवे. आणि लढाई संपल्यावर भावाभावांची मिठी पाहून डोळे पुसण्याआधी त्याने आजूबाजूस पाहावे, की या अंगणात आणखी कोणी उभे आहे काय.

आमच्या वाचकांच्या घरीही समेट झाले असतील. काही या सणासुदीच्या दिवसांत होतील. ते जरूर करा. परंतु जेवणाचे पान मांडण्यापूर्वी घरातील माणसे एकदा मोजून घ्या.